मुलाचा ठावठिकाणा

कारंजा घाडगेच्या हायवेवर लक्ष्मणरावांच्या ढाब्यावर भागीरथा चाफले सव्वीस वर्षांपासून पोळ्या लाटतात. सकाळी दहाला येतात, संध्याकाळी सहाला जातात. ट्रकवाल्यांना त्यांचं नाव माहीत नसतं, पण पोळी दुसऱ्या कोणी लाटली असली तर ते ओळखतात. स्वतःबद्दल काही विचारलं तर भागीरथाबाई कामाबद्दल सांगू लागतात. बाकीचं विचारून विचारून काढावं लागतं.

त्यांचे यजमान किसनराव ट्रकवर होते. मुलगा रजत पाच वर्षांचा असताना, म्हणजे शहाण्णव साली, ते एका खेपेवर गेले आणि परत आले नाहीत. अपघात झाला नव्हता. अमरावतीकडे ते दुसरीकडे राहू लागले, एवढंच उडत उडत कळलं. वर्षभर वाट पाहून भागीरथाबाई तळेगावला थोरल्या दिराच्या घरी गेल्या. दिरांनी खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मले माहीत नाई, बाई. तो आमाले तरी कुठी सांगते?" त्या पाणी पिऊन परत आल्या. तीन वर्षांनी एका लग्नात जावेकडूनच कळलं की त्या दुपारी किसनराव त्याच घरात, मागच्या खोलीत होते. भागीरथाबाईंनी लग्नात आरडाओरडा केला नाही. जेवून घरी आल्या. कोर्टात जाऊन पोराच्या खर्चाचे पैसे मागता येतात हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी गेल्या असत्या की नाही, हे त्या आजही सांगू शकत नाहीत. किसनराव दोन हजार नऊ साली वारले. निरोप तिसऱ्या दिवशी आला.

रजतला त्यांनी आर्वीच्या आयटीआयमध्ये फिटर केलं. वर्ध्याला एका वर्कशॉपमध्ये तो लागला, बोरगाव मेघेच्या वर्षालीशी लग्न झालं, सोनू झाली. पाच वर्षांनी दोघं वेगळे झाले. भांडणं कशावरून होत ते दोघं वेगवेगळं सांगतात. एकदा त्याने हात उचलला, हे मात्र दोघंही नाकारत नाहीत. वर्षाली सोनूला घेऊन माहेरच्या जवळच खोली करून राहिली आणि एका मेडिकलच्या दुकानात कामाला लागली.

दोन हजार बावीसमध्ये कोर्टाने महिन्याची खावटी, म्हणजे पोटगी, बांधून दिली. सोनूचे चार हजार, वर्षालीचे अडीच. रजतने पाच महिने भरले. मग वर्कशॉपची नोकरी सोडली आणि कोर्टाला लिहून दिलं की आता मिळेल ती मजुरी करतो, कधी काम असतं, कधी नसतं. नंतर तो तारखांनाही येईना. वर्षालीने वसुलीचा अर्ज केला. कोर्टाने वॉरंट काढलं आणि ते रजतच्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे कारंजाला, आईच्या घरी आलं.

वॉरंट घेऊन येणारे बाबाराव हवालदार ढाब्यावर चहा पिणारेच. पहिल्या वेळी त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"मावशी, रजत कुठी हाय?"

"मले माहीत नाई."

"फोन तं येत असन?"

"येते कधीमधी. कुठून करते ते सांगत नाई."

बाबाराव चहा पिऊन गेले. रजत बुटीबोरीच्या एका पाइपच्या कारखान्यात होता. पर्मनंट नव्हता, पण पगार साडेएकोणीस हजार, बँकेत जमा. आईला दर महिन्याला दोन हजार पाठवायचा. त्या त्यातले पाचशे बाजूला ठेवायच्या.

त्या हिवाळ्यात भागीरथाबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. पोळीचा काठ दिसेना. रजत येऊन त्यांना नागपूरला कामगार विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. त्याच्या विम्याच्या कार्डावर आई म्हणून त्यांचं नाव होतं. ऑपरेशन फुकटात झालं. दोन दिवस तो त्यांच्या खाटेजवळ बसून होता, रजा बिनपगारी टाकून. दर चार तासांनी डोळ्यात थेंब घालायचा. निघताना त्याने कार्डाची एक प्रत त्यांच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "पुन्हा दाखवाले जाशीन तं लागन. पण कोणाले दाखवू नको. कंपनीचं नाव हाय त्यावर." खिडकीवरच्या बाबूने नाव मोठ्याने वाचलंच होतं. भागीरथाबाईंना ते पाठ झालं होतं.

मार्चमध्ये बाबाराव पुन्हा आले. या वेळी बसले.

"मावशी, मले आता जबाब लिहून न्या लागते. साहेब इचारते."

"काय लिहिता?"

"तुमी सांगान ते."

भागीरथाबाईंनी हात पुसले. "मले माहीत नाई, लिहा."

बाबारावांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं. वॉरंटातील इसमाची आई भागीरथा हिने मुलाचा ठावठिकाणा माहीत नसल्याचे सांगितले. भागीरथाबाईंची शाळा चौथीपर्यंत झालेली आहे. त्यांनी सावकाश सही केली.

त्या दिवशी पोळ्या करपल्या नाहीत, कोणाच्या भाजीत मीठ जास्त पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी शेजारी भांडी घासणाऱ्या वच्छलाबाईंना सांगितलं, "मी भाऊजीसारखीच बोलली." वच्छलाबाईंना काही कळलं नाही. त्यांना तळेगावची गोष्ट माहीत नव्हती.

शुक्रवारी भागीरथाबाईंनी सुट्टी टाकली आणि वर्ध्याची एसटी धरली. बोरगाव मेघेला त्या मेडिकलच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या तेव्हा वर्षाली गिऱ्हाईकाला गोळ्या देत होती. चार वर्षांत दोघींची भेट झाली नव्हती. गिऱ्हाईक गेल्यावर वर्षाली म्हणाली, "त्यानं पाठवलं का?"

"नाई. त्याले माहीत नाई."

"मग?"

भागीरथाबाईंनी पिशवीतून कार्डाची प्रत काढून काउंटरवर ठेवली. वर्षालीने ती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. मग दुकानमालकाला सांगून तासाभराची सुट्टी घेतली आणि दोघी ऑटोने कोर्टात गेल्या.

वर्षालीला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळाली होती, जया लोणारे. तिशीतल्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी कार्ड पाहिलं आणि आधी भागीरथाबाईंना बसायला खुर्ची दिली.

"मावशी, तुम्हाला माहीत आहे ना, याचं काय होणार ते?"

"तुमी सांगा."

"एक तर वॉरंट या पत्त्यावर पाठवायचं. त्याने पैसे भरले नाहीत तर कोर्ट त्याला आत टाकू शकतं. पण आत गेला म्हणून पैसे फिटत नाहीत, आणि नोकरी गेली तर पुढचेही बुडतात. दुसरं, कोर्टाला विनंती करायची की कंपनीलाच हुकूम द्या. त्याच्या पगारातून परस्पर कापा आणि वर्षालीच्या खात्यात टाका. मला हे दुसरं बरं वाटतं."

"त्याले नौकरीतून काढतीन का?"

"कोर्टाच्या हुकमावरून पगार कापला, एवढ्यासाठी कोणाला काढायचं कारण नाही. पण खासगी कंपनी आहे. मी तुम्हाला शब्द देत नाही."

 भागीरथाबाई म्हणाल्या, "दुसरंच करा." मग त्यांनी बाबारावांच्या कागदाचं सांगितलं. "त्याच्यावर मायी खोटी सही हाय."

जयाबाईंनी त्यांच्याकडून खऱ्या माहितीचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि आधीचा जबाब का दिला तेही त्यात लिहायला लावलं. "मुलाच्या भीतीने की मायेने?" त्यांनी विचारलं. भागीरथाबाई म्हणाल्या, "सवयीनं."

एप्रिलमधल्या तारखेला रजत कोर्टात हजर होता. समन्स कारखान्याच्या गेटवर गेलं होतं. कंपनीने पगाराच्या पावत्याही पाठवल्या होत्या. मजुरी करतो असं लिहून दिलेला कागद आणि त्या पावत्या न्यायाधीशांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "यातलं खरं कोणतं?"  रजतने मागे वळून पाहिलं, तेव्हा शेवटच्या बाकावर आई बसलेली दिसली. जयाबाई सांगतात, त्याने पुन्हा मागे पाहिलं नाही.

हुकूम झाला. दर महिन्याचे साडेसहा हजार आणि थकबाकीचा दोन हजारांचा हप्ता कंपनीने पगारातून कापायचा.

पहिल्या कपातीनंतरच्या रविवारी रजत ढाब्यावर आला. दुपारची गर्दी ओसरली होती. तो चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"कार्ड तूच देल्लं ना?"

"हाव."

"काऊन?"

"पोरगी तुही हाय."

"आन तुहा डोया कोणं केला? ज्या कार्डावर तुहं आपरेशन केलं, त्याच कार्डानं मायी मान कापली तू."

"पगार कापला. मान जागेवर हाय."

लक्ष्मणराव गल्ल्यावरून उठून बाहेर गेले. रजतचा आवाज चढला. "साडेआठ हजार जाते महिन्याचे! खोलीचं भाडं, खाणावळ... मी काय खाऊ? सोडतो ही नौकरी. पाहतो मग कोण कापते."

"सोड. दुसरी लागन, तिथंबी कागद येईन. किती वर्स पयशीन? तुह्या बापाले तेरा वर्स जमलं."

"त्याचं नाव घेऊ नको."

"मंग त्याच्यावानी करू नको." भागीरथाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "जमत नसन तं साहेबाले जाऊन सांग. खरा पगार दाखव, खरा खर्च दाखव. हप्ता कमी होऊ शकते म्हणे. पोरीले भेटाचाही अर्ज होते. वकीलबाई सांगत होती."

"तू त्यायच्या वकिलाचं मले सांगून राह्यली?"

"तुह्याजवळ हाय का वकील?"

त्याच्यासमोर त्यांनी ताट वाढलं. तो न जेवता गेला. पुढच्या महिन्यापासून दोन हजार यायचे बंद झाले. भागीरथाबाईंनी पाचशे-पाचशे करून साठवलेले मोडले, मग ढाब्यावर सकाळी एक तास लवकर येऊ लागल्या. रजतचे फोनही बंद झाले, ते चौदा महिने बंदच राहिले. याबद्दल काय वाटलं, असं विचारलं तर त्या म्हणतात, "वाईट वाटलं." 

रजतने नोकरी सोडली नाही. त्याने सोडली असती असं वर्षालीला वाटत होतं, आणि ती दर महिन्याच्या दहा तारखेला घाबरत घाबरत मोबाइल पाहायची. पैसे जमा व्हायचे. सोनूची शाळेची व्हॅन पुन्हा लागली. पाचव्या महिन्यात वर्षालीने दुकानातल्या कामाची सकाळची पाळी सोडली आणि डी. फार्म.साठी चौकशी सुरू केली. प्रवेश अजून झालेला नाही.

कमी कमाई असेल तर पुरुषालाही फुकट वकील मिळतो, हे रजतला कारखान्यातल्याच एकाकडून कळलं. त्याने खरोखरच अर्ज केला. महिन्याची रक्कम कमी करायला कोर्टाने नकार दिला. मुलीचा खर्च वाढतोच आहे, कमी कुठे होतो, असं न्यायाधीश म्हणाले. थकबाकीचा हप्ता मात्र दोन हजारांवरून बाराशे केला आणि महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सोनूला भेटायची परवानगी दिली. पहिल्या भेटीत बाप-लेक केळझरच्या गणपतीला गेले. सोनू तेव्हा आठ वर्षांची होती. तिने नंतर आजीला फोनवर सांगितलं, "बाबा काहीच बोलले नाई. मीच बोलली. मग त्यायनं मले दोन वेळा आइस्क्रीम देल्लं."

या दिवाळीच्या सुट्टीत सोनू आठवडाभर कारंजाला राहायला आली होती. ढाब्यावर खुर्चीवर उभी राहून तिने पोळ्या लाटून पाहिल्या. एकही गोल झाली नाही. तिला परत न्यायला कोण येणार, हे वर्षालीने सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारी मोटारसायकलवर रजत आला.

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. "बारीक झाला," भागीरथाबाई म्हणाल्या. "नाई," तो म्हणाला. सोनूने मोटारसायकलवर बसायला नकार दिला. ढुंगण दुखतं, मला एसटीनेच जायचं, म्हणून ती अडून बसली. रजतने दोनदा समजावलं, एकदा रागावला, मग गाडी ढाब्याच्या मागे लावली आणि तिची बॅग खांद्याला अडकवली.

"गाडी राहू दे इथं. उद्या येतो न्याले."

"किती वाजता येशीन?"

"पाहतो."

"जेवाले येजो," भागीरथाबाई म्हणाल्या.

तो सोनूचा हात धरून एसटीकडे निघाला. रविवारी तो साडेबाराला आला. तीन पोळ्या खाल्ल्या, चौथी मागितली.