आफ्रिकेचा चौथा नकाशा

धुळ्याच्या नानांनी स्वतःसाठी म्हणून आयुष्यात एक भजंसुद्धा खाल्लं नाही. जे काही चापलं ते पाहुण्याला सोबत म्हणून, आणि बहुतेक वेळा तो पाहुणा मी असे.

नाना शाळेत चित्रकलेचे मास्तर. मी पुण्याहून येऊन शाळांना भिंतीवरचे नकाशे विकत हिंडणारा. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत खानदेशचा दौरा माझ्या वाट्याला आला आणि पहिल्याच दिवशी मी नानांना विचारलं, "इथं बरं जेवण कुठं मिळतं?" झालं! नानांनी हातातला खडू ठेवला, टोपी चढवली आणि मला थेट शेवभाजीच्या खानावळीत नेऊन बसवलं. वाटीत वर बोटभर लालभडक तर्री, खाली कुठंतरी शेव. पहिल्याच घासाला मला ब्रह्मांड आठवलं. मी पाण्याला हात घातला, तर नानांनी तांब्याच पलीकडे सरकवला. "पाणी पिशी ते जास्ती झोंबी. भाकर खाय!"

नानांना पोटाचा अल्सर होता. डॉक्टरांनी तेल-तिखट साफ बंद केलेलं, आणि त्यांच्या बायकोचा, सगळे त्यांना अक्का म्हणत, घरी कडक पहारा. पण पाहुण्याला एकट्याला जेवू घालणं म्हणजे त्याचा अपमानच, असं मानणारं ते घर. तिथं अक्कांचाही इलाज चालेना. नाना साळसूद चेहऱ्यानं सांगत, "मी काय खास? पाहुणाले सोबत देस." म्हणजे खाणारा तो पाहुणा, हे आपले नुसते सोबतीला.

त्यामुळे थंडी पडली की मला नानांचं कार्ड येई: "शाळेस आफ्रिकेचा नकाशा तातडीने हवा आहे. त्वरित निघावे." शाळेत आफ्रिकेचे तीन नकाशे आधीच होते, तिन्ही मीच विकलेले.

एकदा मला जळगावच्या शाळा करायच्या होत्या, तर नाना रजा टाकून बरोबर आले आणि शाळा राहिल्या बाजूला, मला नशिराबादला दोस्ताच्या शेतात घेऊन गेले. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी, भली थोरली वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत मिरच्यांसकट ठेचली. भरीत पानावर पडलं आणि मी आपला सवयीनं म्हणालो, "थोडं दही मिळेल का?" मुसळ धरलेला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. नानांनी सगळ्यांना हात जोडले. "पुण्याना शे, समजी ल्या." मग माझी खरडपट्टी काढत स्वतः तीनदा भरीत वाढून घेतलं. माझी लाज राखायला, अर्थात.

धुळ्याला परतल्यावर त्यांना रक्ताची उलटी झाली. दवाखान्याच्या दारात अक्कांनी मला गाठलं. "भाऊ, राग मानू नका, पण आता येऊ नका. तुम्ही येतात, हे खातात. एक दिवस जातील." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन हिवाळे मी गेलो नाही. कार्डं येतच राहिली. "आशियास वाळवी लागली आहे." "ऑस्ट्रेलिया फाटला." मग एक शेवटचं: "कोणताही नकाशा चालेल." ते वाचूनही मी उत्तर धाडलं नाही. फार वाईट वागलो.

तिसऱ्या थंडीत अक्कांचंच कार्ड आलं: "येऊन जा. डॉक्टरांनी हात टेकले." गेलो. नाना खाटेवर, हाडांचा सापळा, दूधभातावर दिवस काढत होते. मला पाहताच म्हणाले, "जाय, शेवभाजी खाई ये. मंग माले सांग."

मी खानावळीत जाऊन बसलो, पण घास तोंडापर्यंत जाईना. तसाच उठलो, आणि परत येऊन नानांना तर्रीचं असं काही वर्णन ऐकवलं की विचारू नका. नानांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटारडा! नाक कोरडं शे तुन्हं. तू खादंच नही."

मला रडूच फुटलं. अक्का चुलीकडे गेल्या आणि तासाभरानं दोन ताटं घेऊन आल्या. माझ्या ताटात शेवभाजी. नानांच्या ताटात दूधभात, आणि त्याच्या कडेला चमचाभर तर्री. मी चमकून वर पाहिलं.

"पाहुणाले एकटं कसं जेवाडू?" अक्का म्हणाल्या.

नानांनी तर्रीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि बोट पार स्वच्छ चाटून काढलं. मग अक्कांकडे वळून म्हणाले, "मीठ कमी शे."

एरवी अक्कांनी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी त्या निमूटपणे मीठ आणायला उठल्या.