आग्नेसबाईंचा अंधाराचा तास

आग्नेसबाई वर्गात ‘विझवली’ हा शब्द उच्चारू देत नसत. मेणबत्ती ‘शांत’ करायची, तीही बोटे ओली करून. फुंकर मारणाऱ्याला त्या दाराबाहेर उभे करीत. ‘‘दिव्याले तोंडानं फुंकत नाही, गा. माह्या आजीनं धर्म बदलला, दिव्याची रीत नाही बदलली.’’ आजी रामटेककडची होती.

नागपूरच्या त्या मिशन शाळेत मी गणित शिकवीत असे. बाई कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास घेत. उपवासकाळाच्या अखेरीस त्या एक जुनी, बहुतेक ठिकाणी मागे पडलेली भक्ती शिकवीत. लाकडी चौकटीवर मेणबत्त्या लावायच्या आणि प्रत्येक स्तोत्रानंतर एक शांत करायची. शेवटची तेवढी जळती ठेवून वेदीमागे लपवायची. मग ख्रिस्ताच्या मरणवेळी धरणी हादरली, त्याची आठवण म्हणून काळोखात बाके बडवायची. मेणबत्ती परत आली की बाई उठत आणि मग सारे निःशब्द बाहेर पडत. बाईंच्या आधी कोणी उठायचे नाही, हा नियम.

‘‘टीचर, आमच्या हुडकेश्वरात उन्हाळ्यात हे रोजच होते,’’ सायमन एकदा म्हणाला.

‘‘तिथं लाइट जाते, गा. इथं आपण जाऊ देतो.’’

बाईंना काचबिंदू होता. हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितले होते. ‘‘फादरले सांगू नका, सर. हा तास गेला तर घरी बसून मी कोनाचं तोंड पाहू? तसंही आता दिसत नाही म्हना.’’ फादर आमचे मुख्याध्यापक. ते दयाळू होते. कळले असते तर त्यांनी दयाळूपणेच तास काढून घेतला असता.

प्रार्थनागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावीत. ज्योती हलू नयेत म्हणून कूलर बंद. भर दुपारी आत रात्र होई, आणि दिव्यांच्या बटणांपाशी मी बसे. उजेडात उंबऱ्याला अडखळणाऱ्या बाई त्या काळोखात बाकांमधून कशालाही न लागता फिरत. अचानक कोणाच्या तरी कानाशी आवाज येई, ‘‘सायमन, च्युइंगम थुंक.’’ मुले टरकत.

‘‘टीचरले अंधारात दिसते, बे,’’ ती एकमेकांना सांगत. बाईंनी ही समजूत कधी मोडली नाही.

त्या वर्षी फादर मागच्या बाकावर येऊन बसले. स्तोत्रे झाली. ज्योती एकेक करून शांत झाल्या. वर्गातल्या रोझीने शेवटची मेणबत्ती वेदीमागे नेली. बाके बडवली गेली. तो आवाज थांबल्यावर जी शांतता पसरली ती मला आवडली नाही. रोझी मेणबत्ती घेऊन समोर आली. बाई उठल्या नाहीत.

त्या ताठ बसून होत्या. ज्योत त्यांच्या डाव्या हाताला होती आणि चेहरा उजवीकडे, रिकाम्या भिंतीकडे. त्या अजून उजेडाची वाट पाहत होत्या. कोणी हलेना. फादर खाकरले. माझे बोट बटणावर होते. ते दाबले असते तर सर्वांना सर्व दिसले असते.

रोझी चालत बाईंपर्यंत गेली. बोलायला बंदी होती. तिने ज्योत त्यांच्या गालाजवळ धरली. ऊब लागताच बाईंनी मान वळवली आणि त्या सावकाश उठल्या.

मुले बाहेर पडली. फादर दारात थांबले. ‘‘फार परिणामकारक, बाई. पुढच्या वर्षीही तुम्हीच घ्या.’’

‘‘पाहू,’’ बाई म्हणाल्या.

फादर गेले. मुलांच्या पावलांच्या आवाजात मी एकेक करून सगळे दिवे लावले. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात बाई वेदीसमोर उभ्या होत्या, डोळे सताड उघडे. पावले दूर गेल्यावर त्या म्हणाल्या,

‘‘सर, आता लावा नं दिवे.’’

‘‘लावतो,’’ मी म्हणालो, आणि बंद पडलेल्या पंख्याचे बटण खट्‌कन दाबले.