गोरखची पिंपांची होडी

डिंभ्याच्या जलाशयात पुण्याच्या पाहुण्यांच्या रंगीत, एकट्याने वल्हवायच्या कयाक होड्या दिसल्या आणि गोरख असवलेच्या डोक्यात किडा वळवळला. तोवर तो आणि त्याच्यासारखे मासेमार फुगवलेल्या ट्यूबवर बसूनच जाळी टाकत. गोरखने दोन निळी पिंपं उभी चिरली, एकापुढे एक जोडली, दोन्ही टोकांत थर्माकोल ठासला आणि एका माणसापुरती अरुंद होडी केली. लोक हसले. गडी मुळातच हट्टी! होडीत काठोकाठ पाणी भरून वर स्वतः बसला, तरी ती तरंगत राहिली.

"बुडवून दावा, मिशी उतरवतो!" असं तो चारचौघांत सांगू लागला.

पहिली होडी त्याने चुलतभाऊ सावळेरामला दिली. तिसऱ्या महिन्यात सावळेराम भरलेलं जाळं ओढायला तिच्यात उभा राहिला. होडी कलंडली, पाय जाळ्यात गुरफटले आणि पट्टीचा पोहणारा माणूस गेला. होडी मात्र वाऱ्याने काठाला लागली, धडधाकट.

गोरखने ती बसून तपासली होती. भरलेलं जाळं कोणी बसून ओढत नाही, हे जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला सुचू नये? याला चूक म्हणा नाहीतर घमेंड. त्याने स्वतः घमेंड म्हटलं आणि मिशी उतरवली.

पुढे वर्षभर तो दुसऱ्या होडीमागे लागला. मागच्या अंगाला दोन्हीकडे आडवे बांबू बाहेर काढून त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारे तोंडबंद पाइप बांधले. रोज तिच्यात उभा राहून तो अंग झोकून द्यायचा. होडी कलंडेना, तरी ती कोणाला द्यायचा त्याला धीर होईना.

शेवटी सावळेरामची बायको ठकूबाई आली.

"भावजी, ती होडी मला द्या. ट्यूबवर किती दिस काढू?"

"न्हाई वहिनी. दुसऱ्या कुणाकडनं घ्या."

ती ऐकते कुठली! सरळ होडीत जाऊन बसली. गोरख कमरेएवढ्या पाण्यात कड धरून उभा.

"हात काढा," ती म्हणाली.

त्याने हात काढला. ठकूबाई उभी राहिली. पाण्यातल्या खुंटाला दोर अडकवून तिने सगळ्या ताकदीनिशी ओढला. होडी झुकली, पाइपाने भार घेतला, होडी सरळ झाली. तिने तीनदा ओढून पाहिलं.

"चांगली झालीया," ती म्हणाली. "आदी अशी केली असती, तर त्ये आज घरी असते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर गोरखला सोसला असता. त्याने हात जोडले.

"माफी नगं मला, भावजी. वल्हं द्या."

त्याने वल्हं दिलं. तिचं पहिलं जाळं ओढून होईपर्यंत गोरख पाण्यातून बाहेर आला नाही.