बैठकीतला तांदूळ

...न्हाई गं प्रतिभा, त्यो चांगदेव येगळा. मी आपल्या केंदूरच्या चांगदेव सुताराचं म्हणतीया, एका डोळ्याच्या. लिही तू. बैलगाडीचं जू तासताना बाभळीची ढलपी उडाली आन् डावा डोळा गेला त्याचा. तवापासनं कुणाचं पोर जवळ आलं की तासायचा वाकस खाली ठेवायचा. "लांब व्हा रं," म्हणायचा. लोक घाबरट म्हणायचे. मी बी म्हणायची.

तुझी धना आत्या तवा सोळाची. अठ्ठ्याण्णव साल आसंल. तीर मारायची. शाळेतल्या सरांनी तिला लांब धनुष्य दिलेलं, सुटं व्हणारं. मधी लाकडाची मूठ आन् दोन्हीकडं बोल्टानं कसायची सरळ पाती. त्यातलं एक पातं तडकलं. सरांनी पुण्यास्नं दुसरी जोडी आणली, तर ती टोकाला उलटी वळलेली, इंचवाच्या नांगीवानी. ह्यानं तीर जोरात जातोय म्हनं. पर मूठ जुन्या पात्यांची, नवी पाती तिच्यावर नीट बसंनात. आन् दसरा झाला की तिसऱ्या दिशी दौंडात स्पर्धा.

धना रडकुंडीला आली तवा चांगदेवनं मूठ हातात घेतली. "आक्का, बैठकीचा, पातं बसतंय त्या खाचेचा, उतार येगळा हाय." बाभळीच्या दोन पातळ पाचरा केल्या. तासायचा, बसवायचा, परत काढायचा. दोन दिस त्येच. आन् पाती चढवली तरी धनाच्या हातात द्यायचाच न्हाई. मूठ आडाच्या खांबाला आवळायचा, दोरीत आकडा घालायचा, कासरा रहाटावरनं घ्यायचा आन् दहा पावलं लांब उभं राहून वढायचा.

"मामा, बैल बांधल्यावानी बांधताय की वो!"

"बैल शिंग मारतोय. ह्ये डोळा मागतंय."

मग खंडेनवमी आली. इळा, कुदळ, कुऱ्हाड मांडली तसं मी धनुष्य बी मांडलं, सुटं करून. तेलाचं बोट, हळद-कुंकू, वर अक्षता. देवाचं काम अर्धं नगं म्हणून मुठीच्या बैठकीत बी लावलं.

दसऱ्याला सकाळी धनानं पाती कसली आन् अंगणात उभी राहिली. दोरी गालाला आणणार, तवर चांगदेव सोनं द्यायला आला. आपट्याची पानं तिथंच टाकली त्यानं. "थांब!"

"मामा, धा येळा वढून झालंय!"

"परत कसलंस न्हवं? मग परत वढायचं."

तोंड वाकडं करीत तिनं दिलं. त्यानं खांबाला आवळलं, कासरा वढला. निम्मं वाकलं आन् वरचं पातं कडेला पिळाय लागलं. कड्ड! बोल्ट उपटला. पातं माझ्या कानाजवळनं गेलं आन् कणगीत घुसलं. जिथनं त्ये उडालं, तिथं धनाचं तोंड आसतंय गं.

चांगदेवनं बैठकीत बोट घातलं. बोटाला कुंकू आन् चेचलेला तांदूळ. माझ्याकडं बघितलं त्यानं. माझ्याच कालच्या अक्षतांवर पातं तिरकं बसलेलं.

"काय झालं, मामा?"

त्यानं मूठ झाकली. "माझी पाचर चुकली, पोरी."

"एका डोळ्याच्या माणसाकडं दिलंच कशाला, आये!" त्याच्या तोंडावर म्हणली ती. आन् मी? आत गेले, चूल फुंकत बसले.

धना दुसऱ्या पोरीचं धनुष्य मागून दौंडला गेली. कितवी आली त्ये ध्यानात न्हाई. चांगदेवला मामा म्हणायचं मातर सुटलं तिचं. लग्नात त्यो अक्षता टाकून न जेवता गेला. अजून माहेरी आली की त्याच्या दारावरनं मान न वळवता येती.

आता त्याच्या उजव्या डोळ्यावर बी सारा आलाय, पांढरा पडदा. काल काठी चाचपत चाललेला. तवापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाई. आमच्या दोघांतलं एक गेलं तर?

लिहिलंस का समदं? मग घडी घाल. रविवारी दौंडला आत्याच्या सासरी जाशील तवा तिच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाई. म्हणावं, मामाची पाचर बरोबर व्हती, तांदूळ आयेनं घातलेला. आन् म्हणावं, माहेरी येशील तवा आधी त्याच्या दारात जा, मग माझ्याकडं ये.