जानव्याची किल्ली

आमच्या दवाखान्यात औषधांचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली डॉक्टरांच्या जानव्याला बांधलेली असे. त्या काळी पुष्कळ गृहस्थ किल्ल्या अशाच सांभाळत, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटे. पण मी नुकतीच मुंबईहून नर्सिंग शिकून आलेली विधवा पोर, माझं कोण ऐकणार? कापसाची गुंडाळीसुद्धा त्याच कपाटात. ती हवी असली की डॉक्टरांनी सदरा वर करून कपाटापुढे वाकायचं आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून हसू दाबायचं.

माणूस मात्र लाखातला. सकाळी एखाद्या रोग्यावर खेकसले, तर संध्याकाळी स्वतःच्या वाडीतलं शहाळं त्याच्या घरी पाठवीत. दवाखान्यात ते कोणालाही हात लावत, जातपात बघत नसत. घरी गेले की मात्र अंघोळ, सोवळं, पूजा, आणि मग कोणी शिवायचं नाही. थळच्या कोळणी त्यांना ‘आमचा डाक्तर’ म्हणत आणि ते ऐकून ते खुलत.

आमच्या मोठ्या नर्सबाई रेवदंड्याकडच्या ख्रिस्ती. बोलायला शांत, पण हट्टी. किल्ली दवाखान्यातच राहू द्या, हे त्या डॉक्टरांना सतत सांगत.

“बाई, कपाटात विषारी औषधंही आहेत,” डॉक्टर म्हणत. “काही झालं तर जबाबदार मी.”

“आणि तुम्ही नसताना काही झालं तर?”

यावर डॉक्टर तपकिरीची डबी काढत आणि विषय तिथंच राही.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी थळची एक कोळीण बाळंत झाली. पहिलटकरीण होती. मूल छान रडलं, आम्हीही निश्वास टाकला, आणि मग तिला रक्त जायला लागलं. “बाय, रगात थांबत न्हाय,” तिची सासू म्हणाली, तेव्हा मोठ्या बाईंचा हात आधीच बाळंतिणीच्या पोटावर होता. रक्त थांबवायचं औषध कपाटात होतं. “धाव,” बाई मला म्हणाल्या, “किल्ली आण.”

बाजाराच्या मागच्या गल्लीत डॉक्टरांचं घर. मी पोचले तेव्हा ते मुकटा नेसून पूजेला बसले होते. त्यांच्या पत्नीने मला अंगणातच अडवलं. माझ्या कपड्यांवर बाळंतपणाचं रक्त होतं, त्यांचं तरी काय चुकलं? “शिवू नका हो, सोवळ्यात आहेत.” मी तिथूनच ओरडून काय झालं ते सांगितलं. डॉक्टर हातातलं बेलाचं पान तसंच टाकून उठले. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानलं.

पण गाठ सुटेना. नुकतीच अंघोळ झालेली, जानवं ओलं, गाठ घट्ट आवळलेली. त्यांनी नखं लावली, दात लावले. पत्नीने अडकित्ता आणला, तेव्हा दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. जानवं तोडायचं कसं?

माझं डोकं फिरलं. “तोडा, नाहीतर तुम्हीच चला,” मी म्हटलं. इतक्या मोठ्या माणसाशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

ते चालले नाहीत, धावले. अनवाणी, उघड्या अंगाने, रेशमी मुकट्याचा सोगा हातात धरून भर बाजारातून. सोवळ्यातल्या माणसाला शिवायला नको म्हणून दुकानदार दोन्ही बाजूंना सरकत होते आणि मागून रक्ताने माखलेली मी. दवाखान्यात येऊन ते थेट कपाटापुढे वाकले, कुलूप उघडलं. मोठ्या बाईंनी बाटली घेतली. औषध दिलं, पोट चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने रक्त ओसरलं आणि त्या पोरीने पाणी मागितलं, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर स्टुलावर बसले होते. मुकट्यावर रक्ताचे डाग पडले होते. “बाई,” ते म्हणाले, “आज मी गावाला गेलो असतो तर?”

“तेच तर मी विचारत आले,” मोठ्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी जानवं पुढे धरलं. बाईंनी दोन चिमटे घेऊन, एखादा टाका काढावा तशी ती गाठ सोडवली. डॉक्टरांनी किल्ली त्यांच्यापुढे केली, पण बाईंनी ती घेतली नाही.

“माझ्याकडे नको. मी आजारी पडले तर पुन्हा हाच तमाशा. जिची कामाची पाळी, तिच्याकडे किल्ली.”

“म्हणजे आज हिच्याकडे?” डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. “ही तर कालची पोर.”

“हो. आज हिची पाळी.”

डॉक्टर जरा घुटमळले. मग त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

नवऱ्याचं तेरावं उरकलं तशी सासूबाईंनी माझ्या कमरेची कोठीच्या खोलीची किल्ली काढून घेतली होती. तुझा आता काय संबंध, म्हणाल्या होत्या. हे मी दवाखान्यात कोणाला कधी सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशीही सांगितलं नाही, पण रडू काही आवरेना.

डॉक्टर गांगरले. “अहो, जड वाटत असेल तर राहू द्या. मी ठेवतो.”

“परत मागाल तर खबरदार,” मी म्हटलं, आणि डोळे पुसून कपाटाला कुलूप लावलं.