वरचा गोदी बघायला जातो

गोदीत त्याला सगळे ‘वरचा’ म्हणायचे. क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून आठ मजले उंच, एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ‘वरच्याच्या मनात असेल तसं,’ म्हणून हमाल हसायचे आणि हे महाशय ते कौतुक समजून छाती काढून चालायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते याच्याकडून शिकावं. पुढे गोदी बंद पडली, केबिन गेली, गुडघेही गेले, पण घरात त्याचा मुक्काम वरच राहिला. खाली एकच माणूस उरलं होतं, त्याची धाकटी बहीण.

धाकटी बावीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर सात वर्षांच्या मुलाचं बोट धरून त्याच्या दारात आली होती. तिचा नवरा त्याच गोदीत खाली उभा राहून क्रेनला हाताच्या खुणा करायचा. इंजिनांच्या आवाजात माणसाची हाक वर पोचत नाही, म्हणून खालच्याचे हात सांगतील तसं वरच्याने करायचं, हा तिथला नियम. चढव, सोड, डावीकडे, हळू, सगळं हातांनी. आणि या गोदीची स्वतःची अशी एक खूण होती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन कैचीसारखे धरले, की असशील तिथे थांब, बोटसुद्धा हलवू नकोस.

त्या दुपारी मेहुण्याने तीच खूण केली होती. जेवायची सुट्टी झालेली, बाकीचे हात धुवायला गेलेले, लोखंडी नळ्यांचा एक शेवटचा भारा तेवढा उतरवायचा राहिलेला. मेहुण्याचा बूट रुळाच्या फटीत अडकला आणि त्याने दोन्ही हात वर नेले. वरच्याची नजर खाली नव्हती. भारा उतरत राहिला.

चौकशीत वरच्याने सांगितलं, खूण ‘सोड’ची होती. मेलेल्याला विचारता येत नाही. पाहिलं होतं एकट्या चहावालीने, तेही लांबून, आणि तिला खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती धाकटीला भेटायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, “दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता गं. असे.” धाकटीने भावाला विचारलं, “दादा, असं म्हणजे काय?”

“असं म्हणजे सोड,” दादा म्हणाला. “त्याला थांब म्हणायचं असणार. गडबडला. आज ना उद्या होणारच होतं.”

इथवरचं एक वेळ सोडून देता आलं असतं. नोकरी जाईल, तुरुंग होईल, या धाकाने माणूस खोटं बोलतो. पण या माणसाने त्या खोट्यावर अख्खा संसार थाटला. धाकटीने त्याचा स्वयंपाक केला, कपडे धुतले, त्याच्या आजारी बायकोचं सहा वर्षं अंथरुणातलं सगळं काढलं, ती गेल्यावर याच्या गुडघ्यांना रोज तेल चोळलं. आणि हा काय म्हणायचा? आमटीत मीठ जास्त पडलं की, “नवऱ्याचीच बायको. त्याचा हात चुकला, तुझाही चुकतो.” भाच्याच्या हातून पेला पडला की, “बापाचेच हात आलेत. सांभाळ, कोणाचा तरी जीव घेशील.” पोरगा शाळेत उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही. चालताना हात खिशात, जेवताना डावा हात मांडीखाली. एकोणीस वर्षांचा झाला आणि लांबच्या शहरात नोकरीला निघून गेला. मामाच्या पाया पडायला वाकला, तेव्हाही मामा म्हणाला, “यंत्राजवळ जाऊ नकोस म्हणजे झालं.”

धाकटीला हे सगळं बरोबरच वाटायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. नवऱ्याच्या चुकीचा डाग भावाच्या नावाला लागला, असं ती मनापासून मानत होती. दर वर्षी नवरा गेला त्या तारखेला ती भावासमोर उभी राहायची आणि म्हणायची, “त्याच्यामुळे तुला फार सोसावं लागलं रे, दादा.” दादा मान हलवून ते स्वीकारायचा.

मग एका रविवारी भाच्याचा फोन आला. जुनी गोदी आता बघण्यासारखी केली आहे, म्हणाला. धक्क्यावर बागा, दुकानं, जुन्या गोदामांत कॉफीची हॉटेलं. आणि एका गोदामाच्या भिंतीवर जुन्या कामगारांचे फोटो आहेत, त्यांत बाबांचा आहे, भिंतभर मोठा. मित्राने इंटरनेटवर पाहिला. धाकटीचा फोन साधा, बटणांचा. त्यात फोटो यायची सोय नव्हती.

“मला जायचंय,” फोन ठेवून ती भावाला म्हणाली.

“काय बघायचंय त्यात? ज्याने धड काम केलं नाही त्याचा फोटो लावलाय म्हणजे लावणाऱ्यांची अक्कल दिसली.”

“तू नको येऊस. मी विचारत विचारत जाईन.”

विचारत विचारत, हे शब्द वरच्याला टोचले. चोराच्या मनात चांदणं. ही तिथे कोणाला काय विचारेल, कोणी जुना कामगार भेटेल आणि काय बोलून जाईल, याचा नेम नव्हता. बावीस वर्षांत त्याने तिला गोदीच्या रस्त्यालाही फिरकू दिलं नव्हतं. तिला एकटी पाठवण्यापेक्षा आपणच न्यावी, फोटो दाखवावा आणि लगेच परत फिरवावी, असा हिशोब त्याने केला. तिने त्याच्या गुडघ्यांना पट्टे बांधले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि दोघं बसने निघाली.

गोदीच्या फाटकापाशी तो स्वतःच गोंधळला. फाटकच नव्हतं. ज्या दगडी धक्क्यावर तेलाचा आणि कुजक्या दोरांचा वास नाकात बसायचा, तिथे कुंड्या होत्या. रूळ तसेच ठेवले होते, पण त्यांच्या फटी कसल्याशा चकचकीत पदार्थाने बुजवल्या होत्या, उंच टाचांच्या बायकांचे पाय अडकू नयेत म्हणून. जहाजं बांधायच्या लोखंडी खुंटांना पिवळा रंग दिला होता आणि त्यांच्यावर बसून लोक आइस्क्रीम खात होते. सहा नंबरच्या गोदामात सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान निघालं होतं. आणि मधोमध त्याची क्रेन, नारिंगी रंगाची, नव्या नवरीसारखी सजवलेली. वरच्याला राग यायला हवा होता, पण त्याला उलट वाटलं, चला, आपली वस्तू जपली तरी.

फोटो मेणबत्त्यांच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर होता. तिशीतला मेहुणा, एक हात वर, तर्जनी आभाळाकडे. चढव. खाली लिहिलं होतं, ‘धक्क्यावरचा कामगार’. दोन मुली त्याच्या शेजारी तसंच बोट वर करून स्वतःचे फोटो काढत होत्या. धाकटी बाजूला उभी राहिली. त्यांचं झाल्यावर ती पुढे गेली आणि मुलाचं तोंड पुसावं तसा तिने पदराने फोटो पुसला.

“एवढा चांगला हात वर होत होता तुझा,” ती फोटोला म्हणाली. “मग त्या दिवशीच काय धाड भरली होती?”

हे ऐकून वरच्याचा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांनी, नवऱ्याच्या तोंडासमोर उभी राहूनसुद्धा ती त्यालाच रागावत होती. “चल, झालं,” तो म्हणाला. आणि खरोखर चालला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

पण क्रेनखाली गर्दी जमली होती. पिवळं जाकीट घातलेली गाइड मुलगी शाळेच्या पोरांना काहीतरी सांगत होती. मधे एक खेळण्यातली क्रेन ठेवली होती. एकाने खुणा करायच्या आणि दुसऱ्याने उशीचं पोतं उचलायचं, असा खेळ. “इथे कोणी खरे गोदी कामगार आहेत का?” मुलीने मोठ्याने विचारलं.

माणसाने गप्प बसावं. पण गोदी बंद पडल्यापासूनच्या बारा वर्षांत या माणसाला बाहेरचं कोणी काही विचारलं नव्हतं. “एकतीस वर्षं,” तो म्हणाला. “याच क्रेनवर. वर.”

मुलगी आनंदाने ओरडलीच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी वाट करून दिली, कोणीतरी फोन समोर धरला. धाकटीसुद्धा कौतुकाने पुढे सरकली, भावाची काठी स्वतःच्या हातात घेऊन. “आजोबा, मी बोलते, तुम्ही खूण दाखवा,” मुलगी म्हणाली. “चढव!”

वरच्याची तर्जनी वर गेली.

“डावीकडे! हळू! सोड!”

‘सोड’ला त्याचा पालथा पंजा जमिनीकडे दोनदा दाबला गेला. पोरं त्याच्यामागोमाग सगळं करत होती. तरुणपणी पाच वर्षं तोही खाली उभा राहिला होता. हात कसे सुरीसारखे चालत होते! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्याला त्या घटकेला सत्तर वर्षांचं वय आठवत नव्हतं, मग बाकीचं काय आठवणार?

“एकदम थांब!” मुलगी ओरडली.

दोन्ही हात डोक्यावर गेले आणि कैचीसारखे अडकले.

टाळ्या पडल्या. तीस पोरं हात डोक्यावर धरून उभी राहिली. “बघा,” मुलगी सांगत होती, “ही खूण कोणीही केली, झाडूवाल्याने केली, तरी क्रेनवाल्याने थांबायचंच.” वरच्याने हात खाली घेतले ते धाकटीचा चेहरा दिसल्यावर. ती टाळ्या वाजवत नव्हती. एका पोराचे वर धरलेले हात ती बघत होती.

तो गर्दीतून निघाला. काठी तिच्याकडे राहिली होती, म्हणून कसाबसा बाकापर्यंत पोचला आणि बसला. बाक नव्या पद्धतीचा, बुटका, पाठ नसलेला. अशा बाकावरून त्याला एकट्याने उठता येत नसे. ती हळूहळू आली आणि समोर उभी राहिली.

“दादा, ती शेवटची खूण कसली?”

“पोरांचा खेळ. या लोकांनी सगळं बदलून टाकलंय. कालची पोरगी, तिला काय माहीत?”

“तिने ‘थांब’ म्हटलं आणि तुझे हात वर गेले. तिने नाही शिकवलं तुला.”

त्याने काठीसाठी हात पुढे केला, तिने काठी दिली नाही.

“सोडची खूण वेगळी आहे. आत्ता केलीस तू. पंजा खाली.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्याने थांब म्हटलं होतं. बरोबर म्हटलं होतं. आणि मी बावीस वर्षं त्याला शिव्या घातल्या. पोराला सांगितलं, तुझा बाप वेंधळा होता म्हणून मेला. तुझी माफी मागितली मी, दर वर्षी. तू ती घेतलीस.”

“मग काय करायला हवं होतं? तुरुंगात जायचं? तुम्हा दोघांना कोणी सांभाळलं असतं?”

“कुठे बघत होतास तेव्हा?”

पुढे जे तो बोलला ते पश्चात्तापाने बोलला, असं कोणी समजू नये. तो रागाने बोलला. “डब्यात!” तो ओरडला. आइस्क्रीम खाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. “डबा उघडून बघत होतो! वहिनी तेव्हाही आजारी, म्हणून दोघांचे डबे तूच भरायचीस ना? चांगलंचुंगलं सगळं नवऱ्याच्या डब्यात, आणि भावाला उरलंसुरलं. मला काय कळत नव्हतं? म्हटलं, बघावं आज काय टाकलंय माझ्या वाट्याला.”

धाकटीने काठी पलीकडे टेकवली. मग शेजारी बसली.

“तुझ्या डब्यात जास्त असायचं,” ती म्हणाली. “रोज. तोच सांगायचा. दादा दिवसभर वर एकटा असतो, त्याला जास्त घाल. त्या दिवशी त्याच्या डब्यात आदल्या दिवशीचं उरलेलं होतं. गोदीतून त्याचा डबा परत आला ना, तो मीच उघडला. तसाच भरलेला होता.”

वरच्याला तिच्याकडे बघवेना. हे खोटं असावं, असं त्याला फार वाटलं. पण ती कधी खोटं बोलत नसे, आणि हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने पिशवीतून फोन काढला, पहिलं बटण दाबून धरलं आणि कानाला लावला.

“कोणाला करतेस?” त्याने उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी दाद दिली नाही. काठी तिच्या पलीकडे होती. “धाकटे, ऐक. त्याला नको. तो आता सुखात आहे, कशाला उगाच... मी म्हातारा माणूस, किती दिवसांचा सोबती. ठेव तो फोन.”

“हो, बघितला फोटो,” ती फोनवर म्हणत होती. “छान आहे. हात वर केलेला आहे. ऐक, तुझ्या बाबांची चूक नव्हती. नाही, नव्हती. त्यांनी थांबच म्हटलं होतं.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून येणारा आवाज वरच्याला ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. “कोणाची? थांब. मामा इथेच आहे, माझ्या शेजारी. तो सांगेल.”

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात दोन्ही मांड्यांखाली दडवले. तेव्हा ती जवळ सरकली, एका हाताने त्याची मान धरली आणि दुसऱ्या हाताने फोन त्याच्या कानाला लावून बसली. पलीकडे भाचा म्हणत होता, “मामा? बोला, मामा.”