कुकाण्यापुढं गाडी तापली तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला माणसं नव्हती असं नाही. सगळा जन्म शेवगावात गेला, चहाला हाक मारणारे चारजण अजून आहेत. पण सांगायचं म्हणून तोंड उघडावं आणि बोलणं भलतीकडेच जावं, कुणाच्या गुडघेदुखीकडं, नळाच्या पाण्याकडं, असं कितीदा झालं. आता घरात मी एकटाच असतो. एकट्या माणसाला वाटतं, आपण बोलून टाकलंय. प्रत्यक्षात ओठही हललेले नसतात.

तर, आधी गाडीचं सांगतो. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

जुनी पेट्रोल गाडी होती, पांढरी, दुसऱ्याकडून घेतलेली. मी कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होतो, उपकरणं दुरुस्त करायची सवय, त्यामुळं गाडी कधी गॅरेजला जाऊ दिली नाही. सगळं दारातच. त्या हिवाळ्यात ती तापायला लागली. नेवाशापर्यंत जावं तर तापमानाचा काटा वर चढायचा. एका रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, बोनेट उघडून बसलो. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली रिकामी. खालच्या रबरी होजपाशी पांढुरकी बुरशी आल्यासारखं काहीतरी जमलेलं. गळती तिथं होती. होज बदलला, क्लिप बदलली. तरी तापतेच. मग हात लावून पाहिलं, तर वरचा पाईप चटका बसेल इतका गरम आणि खालचा गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, तो अडकला होता.

तो काढून स्वयंपाकघरात आणला. शैलानं, माझ्या बायकोनं, आधी कटकट केली आणि मग स्वतःच एक जुनं पातेलं काढून दिलं. उकळत्या पाण्यात दोऱ्यानं सोडला, हूं नाही की चूं नाही. मिटलेला तो मिटलेलाच. नगरहून नवा आणला, तो तसाच सोडला. पाणी तापलं तसा तो हळूहळू उघडला. शैला पातेल्यावर वाकून बघत होती. म्हणाली, "अगंबाई, उमललं की हो!"

किती खूश झाली होती ती. तिच्या खुशीचं कारण गाडी नव्हतं. तिला तिच्या वडलांना आणायचं होतं.

शैला एकुलती एक. आई लवकर गेलेली. आम्हाला मूलबाळ नाही. तिचे वडील, अण्णा, रेल्वेतून निवृत्त होऊन श्रीरामपुरात एकटेच राहायचे. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण उजवा पाय ओढत चालायचे. शेजारची बाई डबा द्यायची. शैला दर आठवड्याला एसटीनं जाऊन यायची. अण्णांना मात्र एसटीच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. गाडी नीट झाली की त्यांना मागच्या सीटवर आडवं घालून कायमचं आपल्याकडं आणायचं, असं आमचं ठरलं होतं.

आमचं? तिचं ठरलं होतं. मी "आणू की" म्हणालो होतो.

आता हे कसं सांगू? अण्णांनी माझं काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. तसं काहीच नव्हतं. लग्नात मानपानाचा हट्ट धरला नाही, आम्हाला मूल झालं नाही तेव्हा एका शब्दानं कधी विचारलं नाही. मी गेलो की स्वतः उठून चहा करायचे, ते आजारी पडल्यावरसुद्धा, डाव्या हातानं. चांगला माणूस होता. तो माझ्या घरात नको होता, इतकंच. संध्याकाळी मी आणि शैला ओट्यावर बसायचो, ती मला दिवसभराचं सांगायची. तिथं तिसरी खुर्ची येणार. घरात औषधांचा वास येणार. खोकला, काठीचा आवाज, बेडपॅन, आणि तिचं सगळं लक्ष तिकडं. हे मी मनात रोज बघायचो आणि तोंडानं म्हणायचो, आणू की.

रेडिएटर धुतला. आमच्या बोअरच्या पाण्यानं क्षार आणि गंज साचून आतून तांबडा गाळ निघाला. पाणी निवळ येईस्तोवर धूत राहिलो. नवा कूलंट भरला, पाईपांत अडकलेली हवा काढली. मग इंजिन चालू करून आत बसलो. काटा वर आला आणि मध्यावर थांबला. थोड्या वेळानं रेडिएटरचा पंखा आपोआप लागला, आपोआप बंद झाला. पुन्हा लागला. गाडी ठणठणीत झाली होती. स्वतःच्या हातानं केलेलं काम असं चाललेलं बघणं... असो.

शैला खिडकीतून म्हणाली, "झाली का हो?"

मी काट्याकडं बघत होतो. काटा मध्यावर होता. मी म्हणालो, "न्हाई अजून. तापतीय."

इथून सुरुवात झाली. खोटं इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. पुढचे काही आठवडे मी रविवारी बोनेट उघडून उभा राहायचो. नीट असलेली क्लिप सोडायचो, पुन्हा आवळायचो. कधी म्हणायचो वॉटर पंप असेल, कधी म्हणायचो हेडचं गॅस्केट असेल. ती चहा आणून द्यायची, माझे काळे हात बघून हळहळायची. अण्णांचा फोन यायचा, तिकडून म्हणायचे, "पिशवी भरून ठिवलीय. पन घाई करू नका." शेवटी ती म्हणाली, आपण भाड्याची गाडी करू. आणि मला राग आला! खरोखरीचा राग. दारात गाडी असताना भाड्याची? लोक काय म्हणतील? येत्या रविवारी जाऊ म्हटलं. नक्की.

रविवारी सकाळी ती मागच्या सीटवर गोधडी अंथरत होती. दोन उशा ठेवल्या, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. मी बोनेट उघडलं. पाणी बघतो म्हणालो. आणि पंख्याच्या वायरचा प्लग ओढून काढला.

झालं. एवढंच. बोटाची दोन पेरं लागतात त्याला.

गाडी वेगात असली की समोरचा वारा पुरतो, पंखा लागत नाही. तो लागतो गाडी रांगत असताना. आणि ते दिवस उसाचे होते. नेवाशाच्या रस्त्याला ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, ओलांडायला जागा मिळत नाही. हे सगळं मला माहीत होतं. कुकाणं मागं टाकलं आणि आम्ही रांगेत अडकलो. शैला काट्याकडं टक लावून बसली होती. तो वर चढायला लागला तशी तिनं माझा दंड धरला. "अहो... अहो, चढतोय." मी म्हणालो, "बघू." कुठवर चढू द्यायचा हेही मला माहीत होतं. बाटलीतून पाणी उकळून वाफ आली तेव्हा गाडी बाजूला घेतली.

बोनेट उघडून मी उभा राहिलो. ती पदरानं मला वारा घालत होती. मला! ऊन लागतंय म्हणून. मग तिनं अण्णांना फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. ती रडवेली झाली होती. अण्णा म्हणाले, "आसू दे गं. जावईबापूंना म्हनावं, उन्हात उबं ऱ्हाऊ नका. मी काय पळून चाललो हाय व्हय?"

ती बाटल्या घेऊन समोरच्या वस्तीवर पाणी आणायला गेली. ती पाठमोरी झाल्यावर मी प्लग परत बसवला.

गाडी गार झाली, पाणी घातलं, मागं फिरलो. परतीच्या रस्त्यालाही ऊस होताच. काटा मध्यावरून हलला नाही. ती म्हणाली, "आता बघा कशी चालतीय शहाण्यासारखी." मी म्हणालो, आता वारा समोरून आहे ना. ती "हं" म्हणाली. मागच्या सीटवरची गोधडी तिनं घरी आल्यावर घडी करून ठेवली.

त्याच आठवड्यात अण्णा न्हाणीघरात पडले. शेजारची बाई डबा घेऊन आली तेव्हा दार आतून बंद होतं. लोकांनी दार तोडलं, तोवर सगळं संपलं होतं. ते लगेच गेले नव्हते, असं ती बाई नंतर म्हणाली. पाण्याची बादली पार दारापर्यंत सरकलेली होती. ती तसं का म्हणाली, कशाला म्हणाली, मला माहीत नाही. मी तिथंच उभा होतो.

आम्ही त्याच गाडीनं गेलो. न थांबता.

त्यांची पिशवी दाराशी खुंटीला होती. शैलानं ती उघडली. दोन धोतरं, सदरे, औषधं. आणि खाली त्यांचं स्वतःचं ताट, वाटी, तांब्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आमच्या घरातली भांडी त्यांच्यासाठी अडायला नकोत म्हणून. ती ते ताट मांडीवर घेऊन बसून राहिली.

दहाव्याला नातेवाईक जमले. बायका कुजबुजत होत्या, लेकीनं नेलं नाही, एकटं ठेवलं. मी ऐकलं. शैलानंही ऐकलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना बोल लावू नका. किती खटपट केली यांनी. किती रविवार गाडीखाली काढले. अर्ध्या वाटेपर्यंत गेलो होतो आम्ही. नशीबच आडवं आलं." एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

तुम्हाला वाटेल, झाली याची कबुली. मलाही बरीच वर्षं वाटायचं की आपल्यापाशी लपवण्यासारखं आहे ते हेच.

ओट्यावर दोन खुर्च्याच राहिल्या. जे मला हवं होतं तेच. पण ती बोलायची आणि मी कुठंतरी लांब, रस्त्याकडंला, उघड्या बोनेटपाशी उभा असायचो. ती शेजारी असताना मी इतका एकटा होतो की आता ती नसताना त्यात फार भर पडलेली नाही. गाडी विकली. अण्णांचं नाव कमी कमी होत गेलं.

मग ती आजारी पडली. पोटाचा आजार, उशिरा कळलेला. शेवटचे महिने घरीच होती. मीच तिचं सगळं करायचो, अंघोळ, जेवण, कपडे. बेडपॅनसुद्धा. लोक म्हणायचे, असा नवरा बघितला नाही. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो. ती छताकडं बघत म्हणाली, "तुमचा एक गुन्हा केलाय मी. सांगू?"

मी म्हणालो, सांग.

"अण्णा गेले ना... त्यानंतर लई दिवस मी तुमच्यावर संशय घेतला. येताना गाडी तापली न्हाई. मयतीला गेलो तेव्हाबी तापली न्हाई. मला वाटायचं, यांनीच काहीतरी केलं असणार. लोकांसमोर तुमची बाजू घेतली, आणि तुमच्या शेजारी पडून असं मनात आणायचे मी. वर्ष दीड वर्ष." ती दमली. मग म्हणाली, "आणि तुम्ही माझं हे असं सगळं करताय. माझंच मन नासकं निघालं. मला माफ करा. हे घेऊन जायचं नव्हतं मला."

तिचे पाय माझ्या हातात होते. ती माझ्याकडं बघत होती, वाट बघत होती.

मी म्हणालो, "वेडी आहेस का. केव्हाच माफ केलं."

केव्हाच! हा शब्द मी पदरचा घातला. तिनं तो मागितलाही नव्हता.

तिला रडू आलं, बरं वाटलेलं रडू. त्या दिवशी तिनं पेज जरा जास्त घेतली. त्यानंतर जेवढे दिवस होती, तेवढे दिवस ती माझ्याशी फार मऊ वागली. आवाज खाली करून, नजर चुकवून, चूक केलेलं माणूस वागतं तशी. दुखत असलं तरी मला हाक मारायला संकोचायची. मला ते दिसत होतं. एका वाक्यानं ते थांबलं असतं.

तिला शेवटपर्यंत शुद्ध होती. तिला ऐकू येत होतं, समजत होतं. दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो. मी सांगितलं नाही.